आधी विचारायचे प्रश्न

बोलता बोलता धाकटीने हात पुढे केला आणि ताईच्या कानाची पाळी चिमटीत धरली. पाळी गार होती, कडेला किंचित वळलेली.

"मोठ्या बहिणीचा कान पिळतेस होय?" ताई हसली.

धाकटीला हसू आलं नाही. भावजींच्या खुर्च्या-सोफ्यांना गाद्या भरायच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत ती आठ महिन्यांनी आली होती. चहा समोर निवत होता. खिडकीच्या उजेडात तिला ताईचं नाक टोकाला धारदार झालेलं दिसत होतं, डोळे खोल गेलेले, कानशिलं बसलेली, कपाळाची कातडी कोरडी आणि ताणलेली. ही यादी तिला तोंडपाठ होती. मंगळवारीच तिने ती वर्गात सांगितली होती.

धाकटी मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट होती. बावीस वर्षं तिचा संबंध काचपट्ट्यांशी होता, पेशंटशी जवळपास नाहीच. वैद्यकाच्या इतिहासाचे दोन तास कुणालाच नको असायचे, म्हणून ते तिच्या गळ्यात पडले होते. पुढे तिला त्यांची गोडी लागली. ग्रीकांवर तर ती रंगून बोलायची. आजार हा देवाचा कोप नाही, तो हवापाण्यातून, खाण्यातून, शरीरातूनच येतो, असं त्या काळी म्हणायला काय छाती लागली असेल, हे सांगताना तिचा आवाज चढायचा. शरीरातले चार रस बिघडले की आजार होतो, हे त्यांचं म्हणणं पुढे खोटं ठरलं, आणि त्या चार रसांपायी दोन हजार वर्षं माणसांचं रक्त काढत राहिले, हे ऐकून पोरं हसायची. मग ती म्हणायची, सिद्धांत चुकला, पण त्यांची नजर चुकली नव्हती. आणि मरणाच्या दारातल्या माणसाचा तो चेहरा सांगायची, नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत. ज्या ग्रीक वैद्याने तो लिहून ठेवला, त्याच्याच नावाने डॉक्टर आजही तो ओळखतात. तेवढ्यात तास संपल्याची घंटा व्हायची.

"चप्पल घाल," ती ताईला म्हणाली. "आपण हॉस्पिटलला जातोय."

ताईने नाही नाही ते बहाणे सांगितले. दुधाचं भांडं गॅसवर होतं, एक आरामखुर्ची उद्या द्यायची होती. धाकटीने गॅस बंद केला. भावजी दारात उभे राहून दोघींकडे बघत होते. टॅक्सी आली तेव्हा ते मुकाट्याने पुढच्या सीटवर जाऊन बसले.

तिथून पुढे धाकटीच्या पायाला भिंगरी लागली. तिने फिजिशियनला ओपीडीतून उठवून आणलं, कॉट मिळवली, सलाईन लावून घेतलं. रक्ताच्या नळ्या वॉर्डबॉयच्या हाती द्यायचा तिला धीर नव्हता, म्हणून स्वतःच लॅबमध्ये घेऊन गेली. काचेवर थेंब ओढला, रंगवला, आणि कोट न घालताच मायक्रोस्कोपला डोळा लावला. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, सगळं जागच्या जागी. तिने काच सरकवली, पुन्हा पहिल्यापासून बघितलं. वाईट काही सापडत नव्हतं, आणि नेमकं त्यामुळेच तिला काच खाली ठेववत नव्हती.

फिजिशियनचं म्हणणं होतं की शरीरातलं पाणी फार कमी झालंय, वजन उतरलंय, बाकी हाताला काही लागत नाही, सकाळी स्कॅन करू. तिने आजच करा म्हणून हट्ट धरला. तो बघतो म्हणाला. वॉर्डबाहेरच्या बाकावर भावजी गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांना तसं स्वस्थ बसलेलं बघून तिला उगाच राग आला.

"भावजी, घरी जाऊन ताईची जुनी फाईल घेऊन या ना. कपाटात असेल."

त्यांनी मान डोलावली आणि ते उठले.

ती परत लॅबमध्ये आली, पण बसवेना. मंगळवारच्या टिपणांची वही टेबलावरच होती. तिने ती उघडली. आपण यादीत काही जास्तीचं तर धरलं नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं. नाक, डोळे, कानशिलं, कान, कपाळ. सगळं तेच. पान संपलं म्हणून तिने उलटलं.

मागच्या बाजूला तिच्याच अक्षरात चार ओळी होत्या. अकरा वर्षांपूर्वी उतरवलेल्या, आणि घंटेमुळे एकदाही वर्गात न वाचलेल्या. असा चेहरा दिसला तरी वैद्याने लगेच निकाल देऊ नये. आधी विचारावं: या माणसाची झोप झाली आहे का? पोट फार चाललं आहे का? हा उपाशी आहे का? यातलं काही असेल, तर भीती तेवढी नाही.

ती जिन्याने वर गेली. लिफ्टसाठी थांबण्याइतका धीर नव्हता.

"ताई, तुझं पोट बरं आहे ना?"

"बरं आहे की."

"जेवतेस?"

"जेवते, सवड मिळेल तसं."

"आणि झोप?"

ताईने सलाईनच्या नळीकडे बघितलं. मग पांघरुणाची कड बोटांनी सरळ करत राहिली. धाकटी स्टुलावर बसली. हॉस्पिटलात आल्यापासून ती पहिल्यांदाच ताईजवळ बसली होती.

"तीन आठवडे नाही झोपले," ताई म्हणाली. "हे उठतात. खाली जाऊन दुकान उघडतात. गिऱ्हाईक थांबलंय म्हणतात."

मग ती हळूहळू सांगत गेली. वर्षभर चाललं होतं, आताशा वाढलं होतं. गादीच्या कापडाला ठोकायच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, तोंडात धरून काम करायची भावजींची जुनी सवय. आता चुका तोंडात आहेत हेच त्यांच्या ध्यानात राहत नव्हतं, तसेच बोलायला जायचे, तसेच पाणी प्यायला जायचे. म्हणून ती त्यांच्यासोबत जागी बसायची, आणि दिवसा त्यांना एकटं सोडून पडणार कशी? आणि भूक तर कधीच मेली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच त्याला नाव दिलं असतंस." ताईचा आवाज अगदी साधा होता. "म्हटलं, थोडे दिवस बिननावाचं राहू दे." मग ती दाराकडे बघून म्हणाली, "बाहेर बसलेत ना ते?"

धाकटी स्टुलावरून उठली.

"मी त्यांना घरी पाठवलं. फाईल आणायला."

ताई सलाईनची सुई काढायला निघाली. नर्सला हाक मारून धाकटी धावत सुटली. टॅक्सीस्टँडवर कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. औषधांच्या दुकानासमोर नव्हते, रस्त्याच्या पलीकडे नव्हते. घरचा फोन वाजत राहिला. ती मुख्य दारापाशी परत आली तेव्हा वॉचमनने विचारलं की निळ्या शर्टातल्या काकांना शोधताय का. ते दाराबाहेर पडलेच नव्हते. दोनदा दारापर्यंत येऊन मागे फिरले होते.

ओपीडीचा हॉल या वेळी रिकामा होता. शेवटच्या बाकावर भावजी बसले होते. बाकाचं फाटकं रेक्झिन त्यांनी बोटांनी नीट आत दुमडलं होतं आणि ते सुटू नये म्हणून वर तळवा ठेवला होता.

धाकटीने वॉर्डात फोन करून निरोप दिला की सापडले, तिला म्हणावं आता डोळे मीट. मग ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिला धाप लागली होती. त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, पण आस्थेने. ती आठ वर्षांची असल्यापासून त्यांची 'पिटुकली' होती. तिला त्यांनी कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"तुमचं कोण आहे आत?" त्यांनी विचारलं.

"बहीण."

"हं." त्यांनी रेक्झिनची घडी पुन्हा दाबली. "एकट्याच आलात का तुम्ही?"

तिच्या खिशात फोन वाजायला लागला. फिजिशियन असणार, स्कॅनचं विचारायला. तिने तो वाजू दिला.

"नाही," ती म्हणाली. "आमचे भावजी आहेत सोबत."

"मग काळजी नाही," ते म्हणाले, आणि तिला ऐसपैस बसता यावं म्हणून थोडे बाजूला सरकले.