टिटवीचा नाच

रुग्णालयात एक्स-रे काढणाऱ्या ताईंना फोटोबद्दल दोनच मतं ऐकायची सवय होती. डॉक्टर एक तर ‘चालेल’ म्हणत, नाही तर ‘परत काढा’. त्यामुळे पन्नाशी ओलांडल्यावर कॅमेरा घेऊन त्या निसर्ग छायाचित्रकारांच्या मंडळात गेल्या, तेव्हा महिनाभरातच त्यांचं डोकं चक्रावून गेलं.

मंडळ दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचं. एकाने आपला फोटो पडद्यावर लावायचा आणि बाकीच्यांनी मत द्यायचं. ताईंनी खंड्याचा फोटो लावला. बँकेतले कॅशियर म्हणाले, “पक्षी मधोमध नको, जरा डावीकडे घ्या.” ताईंनी घेतला. पुढच्या रविवारी चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, “रंग फार अंगावर येतात. थोडे दाबा.” ताईंनी दाबले. तिसऱ्या रविवारी कॅशियरच म्हणाले, “यात जीव नाही हो. आधी कसा छान मधोमध बसला होता!”

घरी आल्यावर ताईंनी तो फोटो नवऱ्याला दाखवला.

“कावळा का?”

“अहो, खंड्या आहे.”

“मग निळा रंग कुठे गेला?”

“दाबला,” ताई म्हणाल्या आणि जेवणाची ताटं घ्यायला उठल्या.

मंडळात सगळ्यात ज्येष्ठ होते साहेब. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, मितभाषी, इस्त्रीच्या शर्टातले. त्यांचं मत शेवटी यायचं आणि मग कुणी काही बोलायचं नाही. एका रविवारी त्यांनी स्वतःचा फोटो लावला. माळरानावर एक टिटवी पंख पसरून, चोच उघडून, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी होती. एकेक पीस मोजून घ्यावं इतकं स्पष्ट.

“प्रदर्शनाला पाठवतोय,” साहेब म्हणाले. “नाव ठेवलंय ‘नाच’. आज भीडभाड नको. काय चुकलंय ते मोकळेपणाने सांगा.”

“चुकायला जागाच ठेवली नाही तुम्ही,” कॅशियर म्हणाले. बाईंनी पंखांच्या रेषेचं कौतुक केलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं, कारण त्या राहिल्या होत्या.

ताईंना टिटवी ओळखीची होती. एक्स-रे विभागाच्या खिडकीमागे खडीचा मोकळा तुकडा होता आणि तिथे तीन उन्हाळे एक जोडी अंडी घालत होती. डबा खाताना ताई तेच बघत बसायच्या. मांजर आलं, माळी आला, की मादी असेच पंख पसरायची.

“साहेब, ही नाचत नाहीये,” त्या म्हणाल्या. “ती तुम्हाला हाकलतेय. तुमच्या पायांपाशी तिची अंडी असणार.”

कॅशियर पुढे वाकून पडद्याकडे पुन्हा बघू लागले.

“मी फोटोबद्दल विचारलं होतं,” साहेब सावकाश म्हणाले.

“मी फोटोबद्दलच सांगतेय.”

“हे फोटोबद्दल नाही. माझ्याबद्दल आहे.”

जे दिसलं ते ताईंनी सांगितलं होतं. ते फोटोत होतं की फोटोबाहेर, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर कॅशियरनी लिहिलं, ‘मत देताना मर्यादा पाळावी.’ पाचच मिनिटांनी त्यांचा ताईंना वेगळा मेसेज आला, ‘बरोबर बोललात. मलाही शंका होती.’ ताईंनी दोन्ही मेसेज नवऱ्यापुढे धरले. “यातला खरा कोणता?”

“दोन्ही खरे असतील,” तो म्हणाला. त्यामुळे ताईंचा गोंधळ आणखी वाढला.

तीन दिवसांनी साहेबांचा फोन आला. “उद्या सकाळी वेळ आहे? मला ती जागा तुम्हाला दाखवायची आहे.”

माळावर साहेब पुढे आणि ताई मागे. फोटो महिन्यापूर्वीचा होता, पण मोजणीतल्या माणसाला जागा बरोबर सापडली. जमिनीत बशीएवढा खळगा, कडेने मांडलेले खडे. आत काहीच नव्हतं.

“अंडी होती,” साहेब म्हणाले. “चार. मला दिसली होती. म्हटलं, दोनच मिनिटं थांबतो.” ते खाली बसले. “पण थांबलो अर्धा तास.” मग त्यांनी विचारलं, “पिल्लं बाहेर पडून गेली असतील ना? इतक्या दिवसांत?”

“पडली असतील. टिटवीची पिल्लं लगेच चालायला लागतात, घरट्यात राहत नाहीत.”

“आणि नसतील, तर?”

“तरीही खळगा असाच दिसतो. पिल्लं निघाली, तरी कवचं टिटवी उचलून नेते.”

“म्हणजे कळायला मार्ग नाही?”

“नाही. जे दिसत नाही ते मी कसं सांगू?”

साहेब ताईंकडे बघतच राहिले. धीर देणारं काहीतरी बोलावं, असं ताईंना फार वाटलं. त्या बोलल्या नाहीत, आणि घरी येईपर्यंत त्याचीच रुखरुख लागून राहिली.

साहेबांनी फोटोचं नाव ‘नाच’ काढून ‘अंड्यांपाशी’ केलं आणि पाठवून दिला. प्रदर्शनवाल्यांनी तो परत केला. घरट्याजवळ जाऊन काढलेले फोटो ते घेत नव्हते. त्यांचं पत्र साहेबांनी रविवारी स्वतःच सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. “जुन्या नावाने गेला असता, तर कदाचित निवडही झाली असती,” ते म्हणाले. ते ताईंना दोष देत होते की आभार मानत होते, हे ताईंना काही केल्या कळेना. कॅशियर मात्र पत्रालाही आणि या वाक्यालाही मान डोलावत होते.

मग साहेबांनी दुसरा फोटो लावला. लांबवर पसरलेलं तळं, पलीकडच्या काठावर बगळ्यांची रांग. जवळपास कुठेही घरटं नव्हतं. ते ताईंच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. “आज आधी तुम्ही.”

ताईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं. बगळे आपापल्या कामात होते, कुणाला कसली भीती नव्हती. “पक्ष्यांचं सगळं ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “फक्त तळं उजवीकडे कललंय. पाणी सांडेल असं वाटतं.”

साहेबांचे कान लाल झाले. पस्तीस वर्षं त्यांनी जमिनीची पातळी मोजली होती. टिटवीचं त्यांनी ऐकून घेतलं होतं, पण हे त्यांना फारच लागलं. पुढचे दोन रविवार ते ताईंशी बोलले नाहीत, आणि नेमकं कशाबद्दल रागावलेत, हे विचारायचं ताईंचं धाडस झालं नाही.