अर्क नको, तास द्या

"वहिनी, नाक दाबा आणि एका घोटात संपवा! पाल्याचा अर्क आहे, विष नाही," म्हणत दिराने नवी बाटली शिलाई मशीनवर आदळली.

शिवणवालीने मान वर केली नाही. तिच्या यकृतावर चरबी साचल्याचं कळल्यापासून घरात वैद्यांचं नुसतं पीक आलं होतं. नणंदेने मुळांचा अर्क पाठवला, नवऱ्याने सालीचा आणला. त्याआधी सगळ्यांनी हळूच विचारून मात्र घेतलं, "चोरून घेतेस की काय गं?" आयुष्यात थेंबाला न शिवलेली बाई! दिवसभर मशीनपुढे बसायचं आणि रात्री घरादाराचं उरलंसुरलं टाकवत नाही म्हणून पोटात ढकलायचं, हीच तिची दारू.

डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "रोज तासभर भरभर चाला." घरी तिने तो तास मागितला, तर नवरा हसला. "मग संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार? तुझी मशीन?"

"आजचा रिपोर्ट आणखी बिघडलाय," ती आता म्हणाली. "बाटल्या पाहून डॉक्टरीणबाई भडकल्या. यांत काय काय आहे, कुणाला ठाऊक? यकृताला बाधू शकतं. सगळं बंद करायला सांगितलंय."

"झाडपाल्याने कधी अपाय होतो का?" दीर फिस्कारला.

"धोतरा काय कारखान्यात बनतो, भाऊजी? घ्या, आधी तुम्ही घोट घ्या."

"मी? मला काय धाड भरलीय!"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच ना सगळं?" नवरा मध्ये पडला.

तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. "माझ्या भल्यासाठी डोंगरभर पाला पिळलात! स्वतःच्या दिवसातला एक तास पिळवला नाही तुमच्याच्याने!"

गळ्यातली टेप काढून तिने खुंटीला अडकवली आणि लेकीचे जुने बूट पायांत चढवले.

"कुठे निघालीस? भाजी कोण चिरणार?"

"सुरी खणात आहे."

कोपऱ्यापर्यंत ती तणतणतच गेली. वळल्यावर तिच्या लक्षात आलं, हातांचं काय करायचं तेच आपल्याला कळत नाहीये. पिशवी नव्हती, कपड्यांचं गाठोडं नव्हतं, कुणा पोराचं बोट नव्हतं. थोडा वेळ तिने ते पोटाशी धरले.

मग सोडून दिले.