कासवाचा नियम

एनेइदाने कॉम्प्युटरच्या मेमरीची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि पट्टीच्या सोनेरी दातांवर शाळकरी खोडरबर घासायला सुरुवात केली. हलक्या हाताने, एकाच दिशेने. मग फुंकर मारली, पट्टी खाचेत बसवली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर दोनदा केकाटला. तो रोजच केकाटायचा. तिसऱ्यांदा केकाटला नाही तर सुरू झाला समजायचं. केकाटला तर पुन्हा खोडरबर.

तिसऱ्यांदा केकाटला नाही. पडदा उजळला आणि त्यावर गल्लीतल्या कॉम्प्युटरांच्या जाळ्याची सूचना उमटली. रविवारी लुयानो वस्तीतल्या मंडळींशी सामना आहे. खेळ सगळ्यांत संथ मशीनच्या चालीने चालतो, हे सभासद जाणतातच. सबब शनिवारच्या सरावात ज्याच्या नावापुढे कासव दिसेल, त्याची केबल गच्चीवरच्या जोडणीच्या डब्यातून काढण्यात येईल. खाली सही: प्रशासन.

प्रशासन म्हणजे एवेलिओ, एनेइदाचा माजी नवरा. तो प्लायवूडच्या पलीकडे राहत होता. हवानात घटस्फोट न्यायालय देतं, दुसरं घर मात्र कुणीच देत नाही. म्हणून दिवाणखान्याच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं. खिडकी तिच्याकडे गेली, बाल्कनी त्याच्याकडे, आणि न्हाणीघर पाळीपाळीने. बोलणं कुणाच्याच वाट्याला आलं नाही. काही सांगायचंच झालं तर एवेलिओ टाइप करायचा; ते केबलमधून गच्चीवर चढायचं, डब्यात वळसा घ्यायचं आणि उतरून हातभर अंतरावर बसलेल्या एनेइदाकडे पोचायचं. दोघांनाही यात काही गैर वाटत नव्हतं.

खेळ किल्ल्यांचा होता. गावकऱ्यांनी लाकडं तोडायची, दगड वाहायचे, मग घोडदळ उभं करायचं. एक मशीन अडखळलं की सगळ्यांची सैन्यं थबकायची, आणि अडखळणाऱ्याच्या नावापुढे एक छोटं कासव येऊन बसायचं. गेली दोन वर्षं ते एनेइदाच्या नावापुढे बसून होतं. तरी, एवेलिओही ज्यात होता त्या तिघांच्या संघाची कप्तान तीच होती. बसस्थानकावर नियंत्रकाची नोकरी करताना तिने उभी हयात नसलेल्या बस वेळेवर सोडल्या होत्या. असलेलं घोडदळ सोडणं हा त्यामानाने पोरखेळ.

तिने सूचनेखाली लिहिलं, की केबल काढायला जाणाऱ्याने गच्चीच्या शिडीवर स्वतःला सांभाळावं. प्रशासनाने ही धमकी ठरवली आणि संध्याकाळपर्यंत तिचं लिहिणं बंद केलं.

केबल गेली असती तर तिचं काय जाणार होतं, हे ती कुणाला सांगत बसली नाही. गुडघे गेल्यापासून चौथ्या मजल्यावरून ती क्वचितच उतरायची. संध्याकाळी ज्या रस्त्याला माणसं भेटतात, चेष्टा होते, भांडणं लागतात, तो तिच्यापुरता त्या केबलमधूनच जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कॉम्प्युटर चादरीत बांधला, पोटाशी धरला आणि जिना उतरायला लागली. प्रत्येक वळणावर बसत, उठत. एवेलिओचं दार फटीएवढं उघडलं. एनेइदाने मान वळवली नाही. दार मिटलं.

पहिल्या मजल्यावरची दायामी एकाच टेबलावर बायकांची नखंही करायची आणि कॉम्प्युटरही. दिवा तोच, ब्रशही बहुतेक तोच. तिने झाकण उघडलं, आतला धुळीचा गोळा चिमटीत उचलून एनेइदापुढे ठेवला.

"मावशी, याला आता देवच वाचवील."

"देव तुझ्याकडे नखं करायला येतो का? नाही ना. मग तूच बघ."

दायामीने बघितलं. पंखा धुतला, मुख्य चिपवरचा वाळून खडखडीत झालेला लेप खरवडून नवा लावला. म्हणाली, बाकी गाडी चालेल, मेमरी मात्र मेली आहे. तसली पट्टी हवानात मिळत नाही. परदेशातून कुणाचा भाचा येतो, त्याच्या बॅगेतून मोज्यात गुंडाळून येते, आणि यंदा भाच्यांचं येणं कमी झालं आहे. एनेइदाने तिचा मिक्सर देऊ केला. अख्ख्या इमारतीत न तडकलेलं भांडं असलेला तो एकच मिक्सर होता. दायामीचा हात क्षणभर थांबला. बघते म्हणाली. जुनी पट्टी तिने ठेवून घेतली. तो तिच्याकडचा रिवाजच होता: जुनं जमा केल्याशिवाय नवं मिळत नसे, आणि जुनं कधी फेकलं जात नसे. कुणाच्या ना कुणाच्या मशीनमध्ये ते पुन्हा श्वास घेई.

"आणि नाही मिळाली तर?" एनेइदाने विचारलं.

"तर शनिवारी कासव व्हायचं. दोन वर्षं होतेसच की."

"कासव मी होईन. पण केबल त्याचा बापही काढणार नाही."

"त्याचा बाप वारला ना, मावशी?"

"म्हणूनच म्हणते."

शुक्रवारी दायामी स्वतः कॉम्प्युटर घेऊन वर आली. आत मेमरीची पट्टी होती, चांगली, भरघोस. कुठून आणलीस, असं विचारल्यावर ती आपलीच नखं न्याहाळत राहिली. मिळाली म्हणाली. मिक्सर राहू दे, देणाऱ्याने काही मागितलेलं नाही. हवानात काही न मागणारा माणूस संशयास्पदच, पण एनेइदाला घाई होती आणि संशय रविवारनंतरही घेता येतो.

शनिवारी दुपारी ती कानात डूल घालून बसली. बटण दाबलं. कॉम्प्युटर केकाटला नाही. गुपचूप, वेळेवर, एखाद्या परदेशी बससारखा सुरू झाला. एनेइदा थोडा वेळ त्याच्याकडे अविश्वासाने बघत राहिली.

तेवढ्यात प्लायवूडच्या पलीकडे कुणीतरी केकाटलं. एकदा. पुन्हा एकदा. मग जरा थांबून तिसऱ्यांदा.

त्यानंतर अगदी बारीक खसखस ऐकू आली. एकाच दिशेने घासल्याची. फुंकर. पुन्हा दोनदा केकाटणं, आणि शांतता.

एनेइदाचा हात माउसवरून निघाला आणि मांडीवर आला. तो आवाज तिने दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ ऐकला होता. स्वतःच्या मेमरीची पट्टी तिने हजार पट्ट्यांत ओळखली असती. आणि आता आपल्या मशीनमध्ये कुणाची पट्टी बसली आहे, हेही तिला विचारावं लागलं नाही.

खेळ सुरू झाला. गावकरी कुऱ्हाडी घेऊन बाहेर पडले, दोन पावलं चालले, थबकले, पुन्हा दोन पावलं. नावांची यादी वर आली. एनेइदाच्या नावापुढची जागा रिकामी होती. कासव 'प्रशासन' या शब्दाशेजारी बसलं होतं.

तळमजल्यावरचा न्हावी फेलिसिआनो संघातला तिसरा गडी. त्याने लिहिलं, की कासवाला बढती मिळालेली दिसते. मग प्रशासनाची ओळ आली: नियम सर्वांना सारखा आहे. प्रशासन स्वतःची केबल काढत आहे. रविवारी संघ दोघांनिशी खेळेल, कप्तानाने त्याप्रमाणे आखणी करावी.

पलीकडे खुर्ची सरकली. गच्चीची शिडी चढणारे ते गुडघेही तिच्याच वयाचे होते, उठताना वाजले.

एनेइदाने टाइप करायला घेतलं. अर्धी ओळ झाली आणि तिच्या लक्षात आलं, की ही आता गच्चीवर जाणार, डब्यातून वळणार, मग खाली येणार, आणि तोवर हा माणूस शिडीवर असेल. तिने पायातली चप्पल काढली आणि प्लायवूडवर हाणली. पलीकडे काहीतरी खिळ्यावरून खाली पडलं.

"एवेलिओ, त्या केबलला हात लावलास तर गच्चीवरच्या सगळ्या कापीन. मग बसा सगळे चौकात डोमिनो खेळत."

पलीकडे दाराकडे निघालेली पावलं थांबली.

"नियम आहे," पलीकडून आवाज आला. तो तिला आठवत होता त्याहून जाडा झाला होता.

"नियम तुझा. संघ माझा. उद्या आपण तिघं खेळणार, याच चालीने. लुयानोवाल्यांना घाई असेल तर त्यांनी दुसरी गल्ली बघावी."

"हरू."

"हरू. खाली बस आणि लाकडं तोड."

मग खुर्ची कुरकुरली.

पडद्यावर फेलिसिआनोचा घोडा पुढचा पाय उचलून, तो टेकवावा की नाही याचा विचार करत उभा होता. प्रशासनाच्या किल्ल्याचं दार उघडलं. एक गावकरी खांद्यावर कुऱ्हाड टाकून बाहेर आला आणि जंगलाच्या दिशेने निघाला. त्याला पोचायला फार वेळ लागला. एनेइदाने एक चप्पल पायात, एक हातात, तो पोचेपर्यंत वाट पाहिली आणि कुणालाही घाई केली नाही.