सक्तीचा रकाना

“अरे क्रेग, ती तो कागद हातातसुद्धा घेणार नाही,” मी दवाखान्यातून शहरातल्या मुख्य कार्यालयाला फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं.

“नोरीन, तो रकाना सक्तीचा आहे. मृताचं पूर्ण नाव टाकल्याशिवाय पत्र पुढे जात नाही.”

बाहेर बाकावर लोर्ना मावशी बसली होती. नवऱ्याला माती द्यायला तिला उत्तरेला सहाशे किलोमीटर जायचं होतं. तिचं दिवसाआड डायलिसिस. तिथल्या केंद्राला आमच्या दवाखान्याचं पत्र मिळालं तरच तिची सोय होणार, नाहीतर जाणं रद्द. आम्हा आदिवासींत गेलेल्या माणसाचं नाव कित्येक वर्षं कुणी घेत नाही, लिहीत नाही. त्याला नुसतं ‘कुमनजाय’ म्हणायचं. आणि शहरातून आलेलं हे नवं ठरावीक पत्र ते नाव ठळक अक्षरांत चार ठिकाणी छापत होतं.

मी ‘कुमनजाय’ टाकून पाहिलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: नाव नोंदीशी जुळत नाही.

“माझ्या जुन्या नमुन्यात नाव नव्हतंच. तुम्हीच तो पुसलात.”

“तुझ्याच नमुन्यात ॲलर्जीचा रकाना दुसऱ्या पानावर गेला होता. विमानाने फेरीवर येणाऱ्या डॉक्टरने त्या पोरीला पेनिसिलीन टोचलं. प्रत्येकाने आपापलं डोकं चालवलं की हेच होतं.”

खरं होतं. ती पोर माझ्याच भाचीची, थोडक्यात वाचली. म्हणूनच जास्त चिडले मी. मला एक रकाना मोकळा हवा होता, अख्खं पत्र नव्हे! पण हे त्या शहाण्याच्या डोक्यात कोण घालणार?

शेवटी मी नाव टाकलं, पत्र छापलं आणि चारही जागी मलमपट्टीची चिकटपट्टी लावली. मावशीने सही केली. स्कॅन करून पाठवलं, तर दहा मिनिटांत परत: नाव दिसत नाही.

“काय झालं गं?”

सांगताना मला लाज वाटली. “मशीनला नाव दिसायला हवंय, मावशी. झाकलेलं चालत नाही.”

“त्याचं कुणी मेलं नसेल कधी,” मावशी म्हणाली.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. पुतण्या तिच्यासाठी खोळंबला होता.

“दुसरा कागद काढ,” ती उठली. “मी डोळे मिटते. तू हात धर माझा.”

ती टेबलाशी डोळे गच्च मिटून उभी राहिली. मी तिचं मनगट धरून पेन ओळीवर टेकवलं. सही वाकडीतिकडी होत चौकटीबाहेर गेली.

“झालं?” तिने विचारलं.

मी कागद पालथा घातला आणि मगच हो म्हणाले.