काळ्या चौकटीतली चित्रं

रविवारी दुपारी बाबा तारनाक्याहून कुकटपल्लीला आले, ते बगलेत फ्रेम आणि पिशवीत हातोडी घेऊनच.

"मेघना, तुझी ही भिंत अगदी बोडकी दिसते बघ."

चित्र एका जुन्या इंग्रजी कादंबरीतलं होतं. वादळात कंदील घेऊन दीपगृहाचा जिना चढणारी बाई. इंग्रजीची प्राध्यापकी संपल्यापासून बाबांना हाच नाद लागला होता. जुन्या पुस्तकांतली, लाकडी ठशांवर कोरून छापलेली चित्रं शोधायची, जाड कागदावर छापून घ्यायची, काळ्या चौकटीत बसवायची.

"प्रिंट आहे हो ही, बाबा. नक्कल."

"मग? लाकडात कोरलं तेच मुळी हजार घरांत जावं म्हणून. याची अस्सल प्रत असतेच कुठे?"

"बघू नंतर. आत्ता ठोकाठोक नक्को, शेजारी झोपलेत."

"हौ. फार झोपतात तुझे शेजारी."

चित्र सोफ्यामागे टेकवून, चहा घेऊन, बशीत सांडलेलाही पिऊन ते घरी निघाले. सोमवारी पहाटे झोपेतच गेले.

तेव्हापासून मेघनाला एका जागी बसवेना. तारनाक्याच्या घरी माणसं यायची, आई प्रत्येकाला तेच तेच सांगायची आणि मेघना भिंतींवरच्या फ्रेमी सरळ करत फिरायची. सरळ असलेल्याही. पुस्तक उघडलं तर पहिल्याच ओळीवर अडायची, मिटून ठेवायची, दुसरं घ्यायची.

तेराव्याच्या सकाळी बाबांचे भाऊ, किशोरकाका, बाबांचा फोटो घेऊन आले. दारातून येणाऱ्याला दिसावा म्हणून खुर्चीवर चढले आणि मधलं चित्र त्यांनी खिळ्यावरून उतरवलं. दोन भाऊ वाळूतून होडी ओढताहेत, असं ते चित्र.

"काका, ते नका ना काढू."

"अगं, दुसरा खिळा कुठाय? सिमेंटची भिंत, ड्रिल लागंल. आणि कागदच तर आहे. नकला म्हणायचीस ना तू? तुझा बाप, आमचा अनंता, सांगायचा, 'आमची लेक परीक्षक आहे.' हसून हसून सांगायचा."

"राहू दे गं," आई म्हणाली. "लोक येतील आता."

मेघनाने चित्र घेतलं. टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं, दारापर्यंत गेली, परत आली. पहिलीत असताना तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. बाबा ग्रंथालयातून जाडजूड पुस्तक आणायचे, याच चित्राचं पान उघडायचे आणि विचारायचे, "सांग, होडी कुणाची?" ती रोज वेगळी गोष्ट रचायची. ते सगळ्याच खऱ्या मानायचे. पुस्तकातली कुठली, ते मात्र सांगायचे नाहीत. शेवटी चिडून ती स्वतःच एकेक अक्षर लावायला बसली होती.

काकांनी फोटोला हार घातला. गुरुजी पाटाशी दर्भ मांडत होते. मेघना चित्र धरूनच फोटोसमोर उभी राहिली.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. गुरुजींचा हात थांबला, आईने वळून पाहिलं. "वाचायला मी शाळेत नाही शिकले. या चित्रांनी शिकवलं मला. तुम्ही शिकवलंत."