एका इअरफोनवर दोघं

धोंडीराम पगारेला इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजीचे पेपर तपासण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या जेल रोडला कुणी नव्हता. डाव्या हाताला मुलीची उत्तरपत्रिका, उजव्या हाताला पुस्तकामागची उत्तरं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि बोटांत लाल पेन. ए, बी, सी असेल तर प्रश्नच नव्हता. शब्द असला की एकेका अक्षरावर बोट ठेवून तो जुळवायचा, आणि एक जरी अक्षर कमी भरलं तरी फुली मारायचा. मनाली म्हणायची, "पप्पा, खरे परीक्षक पण एवढे कडक नसतील." तो म्हणायचा, "मग तिथं सोपं जाईल."

सिन्नरच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर बत्तीस वर्षं काढून तो रिटायर झाला होता. रिटायर झालेल्या माणसाला घरात दोनच कामं उरतात, नळाला पाणी आलं का ते बघणं आणि बायकोच्या पायात पायात येणं. तिसरं काम त्याला मुलीने दिलं. मनाली शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलाने कॉम्प्युटरवरूनच तिची मुलाखत घेतली, पसंत केली आणि आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा पास होऊन या म्हणून सांगितलं. बोलणं आणि लिहिणं तिने क्लासात रेटून नेलं होतं. राहिलं होतं ऐकणं आणि वाचणं. दोन्हीला चाळीस-चाळीस प्रश्न, आणि तिला दोन्हीकडे निदान तीस बरोबर यायला हवे होते. वाचायला तीन लांबलचक उतारे आणि एक तास. ऐकायचं रेकॉर्डिंग मात्र एकदाच वाजणार, आणि ते वाजत असतानाच उत्तरं लिहायची.

हा ऐकण्याचा सराव बाप-लेक मिळून करत, आणि तोही एकाच इअरफोनवर. ती खुर्चीत, तो तिच्या डाव्या हाताला स्टुलावर. डावं टोक तिच्या डाव्या कानात, उजवं टोक त्याच्या उजव्या कानात. त्याला एक अक्षर कळत नसे. पण आपण सोबत बसलो की पोरीचं मन लागतं, असं त्याचं ठाम मत होतं. त्याच्या बायकोचं, विमलबाईंचं, मत वेगळं होतं. "मन कसलं लागतंय," त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "गोऱ्या बायांचा आवाज ऐकायला मिळतोय फुकटात." ओरडायच्या, कारण त्या घरात सगळेच ओरडून बोलत. मशीनच्या दणदणाटाने धोंडीरामचे कान निम्मे झाले होते, आणि त्याच्यापर्यंत पोचावं म्हणून मायलेकींनाही तीच सवय लागली होती. पगाऱ्यांकडे मीठ मागितलं तरी खालच्या मजल्याला भांडण चालू आहे असं वाटे.

मार्क तो एका वहीत लिहायचा. कारखान्यात मशीनची वही असते तशी, तारीखवार. जुलैच्या शेवटापर्यंत तिथे मोठी गोड रांग लागली होती. लिसनिंग एकतीस, रीडिंग तेहतीस. लिसनिंग तीस, रीडिंग बत्तीस. पाच सप्टेंबरला परीक्षा होती. धोंडीरामने मनातल्या मनात मुलीला विमानात बसवून टाकलं होतं.

ऑगस्टच्या पाच तारखेला लिसनिंगला एकवीस आले. सहाला एकोणीस. सातला अठरा.

"डाव्या कानाला दडा बसलाय, पप्पा," मनालीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "सकाळी उठले तेव्हापासून आत कुकर लागल्यासारखा आवाज येतोय. माणसं बोलतायत ते कळतं, पण शब्द कळत नाहीत."

आदल्या आठवड्यात तिला सर्दी झाली होती, तेव्हा सर्दीवर सगळं ढकलणं सोपं होतं. विमलबाईंनी लसूण तळून तेल कोमट केलं आणि दोन थेंब कानात सोडले. वॉर्डातल्या पेशंटने असलं काही केलं असतं तर मनालीने त्याला फैलावर घेतलं असतं. घरी ती आईच्या मांडीवर मान वाकडी करून पडून राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. कान असा एकाएकी बसतो तेव्हा दर वेळी ती सर्दी नसते, कधी कधी आतली नस जात असते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध पडलं तर पुष्कळांचा कान परत येतो. त्यानंतर आशा झपाट्याने मावळते. मनालीच्या डाव्या कानाचे ते दोन आठवडे पाच ऑगस्टच्या सकाळी सुरू झाले, आणि त्या घरातल्या तीन शहाण्या माणसांनी ते कसे घालवले त्याची ही गोष्ट आहे.

सात तारखेला अठरा आले तेव्हा मनाली म्हणाली, "इअरफोनचं हे टोक खराब झालंय वाटतं."

धोंडीराम मशीनवरचा माणूस. असा संशय आला की आधी तपासायचं, मग बोलायचं. त्याने तिच्या कानातलं टोक काढून स्वतःच्या कानात घातलं. लंडनची बाई खणखणीत बोलत होती.

"मला अर्ध्या बहिऱ्याला येतंय की स्पष्ट," तो म्हणाला. "वायर चांगली हाय."

वायर चांगली, पुस्तक चांगलं, मोबाईल चांगला. मग बिघाड उरला कशात? त्या दिवशी कानाचं नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तर संन्यासी समोर बसलेलाच होता. क्लासच्या सरांना फोन केला, तर सर म्हणाले, "काका, मराठी मीडियमच्या मुलांचं हेच होतं. वाचून वाचून रीडिंग जमतं, पण इंग्रजी कानात मुरलेलं नसतं. प्रॅक्टिस डबल करा."

मराठी मीडियम हे शब्द धोंडीरामला झोंबले. त्यालाही कारण होतं. मनाली साडेतीन वर्षांची असताना जवळच्या एका इंग्रजी शाळेने आई-वडिलांना मुलाखतीला बोलावलं होतं. विमलबाई तापाने पडल्या होत्या, म्हणून तो एकटाच इस्त्रीचा शर्ट घालून गेला. गेटच्या आत पाच-सहा जोडपी बसली होती आणि आपापसात इंग्रजीत बोलत होती. तो पाच मिनिटं गेटवर उभा राहिला आणि परत फिरला. घरी येऊन म्हणाला, जागा भरल्या. पुढे कॉलनीत सांगायचा की आम्ही मुद्दामच मराठीत घातलं, मातृभाषेत शिकलेलं पोर पक्कं होतं. वीस वर्षं लोकांना सांगून सांगून त्याला स्वतःलाही ते पटत आलं होतं. आता अठरा मार्कांनी ते सगळं उघडं पाडलं.

म्हणून त्याने प्रॅक्टिस डबल केली. ड्युटीला जायच्या आधी एक पेपर, आल्यावर एक. रविवारी तीन. आवाज वाढवला. मनाली डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ऐकायची आणि तो तिच्या खांद्याला खांदा लावून बसायचा. वीस. सतरा. एकोणीस. कानाचं तिने आणखी दोनदा सांगून पाहिलं. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "मने, नापास होणाऱ्याला कारणं सापडतातच." त्यानंतर तिने विषय काढला नाही. वाईट हे, की तिलाही तेच पटलं होतं. कॉलेजात, नर्सिंगला, वॉर्डात, जिथे जिथे इंग्रजीत अडखळली तिथे तिथे तिने स्वतःलाच दोष दिला होता. याही वेळी दिला.

चौदा तारखेला क्लासात सराव परीक्षा झाली. लिसनिंगला तेहतीस आले. ती पेढे घेऊन घरी आली. औषधाला अजून पाच दिवस हातात होते.

धोंडीरामने पेढ्याला हात लावला नाही. "घरी सतरा आणि तिथं तेहतीस कसे गं?"

"तिथे डोक्यावर घालायचा मोठा हेडफोन असतो. दोन्ही कानांना. त्यात नीट येतं ऐकू."

"हेडफोनला काय जास्त इंग्रजी येतं का?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "शेजारी कोण बसतं तुझ्या?"

"पायल."

"कुठल्या शाळेतली?"

"कॉन्व्हेंटची. का?"

"मग बरोबर हाय," तो म्हणाला, आणि वहीत त्याने ते तेहतीस लिहिलेच नाहीत.

मनालीला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. पेढ्यांचा पुडा तिने फ्रिजमध्ये ठेवला, आणि दोन दिवस ती बापाशी कामापुरतंच बोलली. सराव मात्र चुकवला नाही. रोज येऊन खुर्चीत बसायची, डावं टोक डाव्या कानात घालायची, आणि सतरा-अठरा मार्क आणायची. एकोणीस तारीख आली आणि गेली. त्या दिवशी सोळा होते.

अठ्ठावीसला वॉर्डातला क्लार्क रजेवर होता. फोन वाजला. उजव्या हाताने लिहायचं म्हणून मनालीने रिसीव्हर डाव्या कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं. तिने ठेवून दिला. पुन्हा वाजला, पुन्हा कुणी नाही. तिसऱ्यांदा तिने वैतागून उजव्या कानाला लावला, तर लॅबचा माणूस ओरडत होता, "सिस्टर, मी मघापासून रिपोर्ट सांगतोय, ऐकता की नाही?"

तिने रिपोर्ट लिहून घेतला. मग रिसीव्हर पुन्हा डाव्या कानाला लावून पाहिला. मग ती मुकाट्याने खाली कानाच्या ओपीडीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला डॉक्टरबाईंनी घरच्या माणसाला बोलावलं. धोंडीराम रीडिंगच्या उताऱ्यांच्या झेरॉक्स काढायला निघाला होता, तसाच पिशवी घेऊन आला. टेबलावर कानाच्या तपासणीचा कागद होता. उजव्या कानाची रेघ वर सरळ चालली होती, डाव्याची खाली कोसळली होती.

"कधीपासून होतंय हे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आठ-दहा दिवस झाले असतील, मॅडम," मनाली म्हणाली.

"नाय नाय," धोंडीराम पुढे सरकला. कारखान्यात मशीन नेमकं कधी बिघडलं ते लिहिलेलं असलं की फिटरचं निम्मं काम होतं, हे त्याला बत्तीस वर्षांत पक्कं ठाऊक झालं होतं. त्याने पिशवीतून वही काढली आणि पान उघडून टेबलावर ठेवली. "पाच तारखेपासून, मॅडम. लिहून ठेवलंय मी. हे बघा, चारला एकतीस, पाचला एकवीस."

डॉक्टरबाई त्या रांगेवरून बोट फिरवत खाली खाली आल्या. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "म्हणजे आज चोवीस दिवस."

मनाली खाली बघत होती. दहा म्हटल्याने चोवीसाचे दहा होणार नव्हते, हे तिलाही कळत होतं. तरी ती म्हणाली होती.

डॉक्टरबाई चांगल्या होत्या, हळू आवाजात बोलल्या, म्हणून धोंडीरामला दोनदा विचारावं लागलं. गोळ्या आणि कानातलं इंजेक्शन आजच सुरू करू. प्रयत्न करू. पण फार आशा ठेवू नका. पहिल्या पंधरा दिवसांत आला असतात तर गोष्ट वेगळी होती. "वही उत्तम ठेवलीय, काका," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो, पण धोंडीरामला ते कौतुक कुठे ठेवावं ते कळेना.

मनालीने एकच विचारलं. "परीक्षेत हेडफोन असतो, मॅडम. उजव्या कानावर निभेल ना?"

"परीक्षा होईल तुझी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात धोंडीराम म्हणाला, "हे पंधरा दिवसांचं तुला ठाऊक होतं, मने?"

"शिकवलं होतं, पण विसरले होते. काल वाचलं." ती उगाच हसली. "रीडिंग चांगलंय ना माझं."

इंजेक्शन झाल्यावर तिला गरगरत होतं, म्हणून त्याने रिक्षा केली. ती आत सरकली, आणि तो सवयीप्रमाणे तिच्या डाव्या हाताला बसला. द्वारका चौक मागे पडला. वही त्याच्या मांडीवर होती. ते पंधरा दिवस, म्हणजे तीसेक पेपर, तो त्याच बाजूला बसला होता. तिच्या चांगल्या, उजव्या कानाचं टोक स्वतःच्या कानात घालून, ज्याला त्यातलं काही कळत नव्हतं अशा आपल्या कानात, तो बसला होता. हे त्याला आता समजलं, आणि रडू येईल असं वाटलं.

"मने," तो म्हणाला. रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने आवाज खाली घेतला होता. हळू बोलायची त्याला सवय नव्हती. "तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस कानाचं. मीच मानलं नाय. आणि पायलचं बघून लिहिते, असं मनात आणलं मी. माझ्या पोरीबद्दल. लय चुकलं माझं, बाई. माझ्यामुळं गेला तुझा कान."

मनाली बाहेर रस्त्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. बऱ्याच वेळाने, तो आपल्याकडे बघतोय हे जाणवून तिने मान वळवली.

"काही म्हणालात का, पप्पा?"

रोजच्या आवाजात पुन्हा सांगता आलं असतं. रिक्षा थांबवून पलीकडच्या बाजूला जाऊन बसता आलं असतं. धोंडीरामने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाय, काय नाय," तो मोठ्याने म्हणाला. "उपनगर नाका आला, म्हटलं."

तिने मान हलवली आणि पुन्हा बाहेर पाहू लागली. आपलं बोलणं तिला ऐकू गेलं नाही याचं त्याला बरं वाटलं होतं. अगदी आतून, सुटल्यासारखं बरं वाटलं होतं. घर येईपर्यंत त्याने तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.