पट्टी उघडायची न्हाई

महाराजांशिवाय कुणी पट्टी उघडायची न्हाई.

आधी नियम. गोष्ट मागून.

पिंगळी स्टेशनामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गर्दी. पडदा सरकला. बन्सीधर महाराजांनी पायाला पट्टी बांधलेल्या माझ्या सासूबाईंना, केशरबाईंना, पुढं आणलं.

"ठणका?"

"थांबला, म्हाराज! लगेच थांबला!"

जयजयकारानं पत्रे वाजले.

"दवाखान्याच्या औषधांना जंतू जुमानत नाहीत," महाराज गरजले. "माझ्या पाल्याफुडं त्यांची काय मजाल!"

पहिलं वाक्य खरं होतं, म्हणून दुसरं खपत होतं. परभणीच्या डॉक्टरांनी जखमेतला पू तपासून सांगितलं होतं: नेहमीच्या गोळ्या या जंतूंवर चालत नाहीत, भरती व्हा, शिरेतून औषध लागेल, नाहीतर पाय—

सासूबाई वाक्य संपायच्या आत उठल्या होत्या.

दुसऱ्या कुणी पट्टी उघडली तर रोग घरातल्या लेकराला लागतो, असं महाराजांनी बजावलं होतं.

लेकरू म्हणजे माझा हरिओम. नातवासाठी आजी पट्टीत सडत होती. मी शाळेत विज्ञान शिकवते. घरी मी कात्री उचलली की त्या पाय पोटाशी ओढायच्या. वास यायचा. शेडमध्ये ऊद जळायचा.

शेजारच्या बायनाबाईंनी दुखऱ्या दाढेसाठी महाराजांचा हाच पाल्याचा लेप नेला होता. आज सकाळी त्यातला कणभर मी जिभेला लावून पाहिला.

"महाराज, लेप अमृत आहे ना?" मी शेडमध्ये सगळ्यांदेखत विचारलं.

"अमृतच, बाई!"

"मग बोटभर चाटा. नि मंत्र म्हणा."

"चाटा की म्हाराज!" बायनाबाई ओरडल्या. "मी तर दाढंत भरलाय!"

आता अडकले ते. चाटलं. ऐटीत सुरुवात केली.

"ओम नमो वनस्पती... वनश्प... वनफ... थ..."

"आगं बया, जीभ झोपली की म्हाराजाची!"

"दात काढताना हिरडी बधिर करतात, तसलं औषध पाल्यात कालवलंय," मी म्हणाले. "ठणका झोपतो. जंतू जागेच राहतात."

सासूबाई पुटपुटल्या, "पर हरिओमला काही झालं तर?"

"मी त्याची आई हाय, आत्या. मला भ्या वाटलं असतं तर उघडायला निघाले असते का?"

त्यांनी माझा हात धरला. मग पाय पुढं केला. मी पट्टी कापली.

अंगठा काळा पडला होता. जयजयकार कुणी केला नाही.

परभणीला भरती केलं, शिरेतून औषध चाललं. अंगठा गेला, पाय वाचला. हरिओम आजीची काठी पळवतो.

पाल्यात गुण असेलही. प्रयोगशाळेत जंतूंवर घालून बघा, पाला न घातलेल्या जंतूंशी ताडून बघा, मग डॉक्टरांच्या नजरेखाली माणसांवर. पाला तपासणीला भीत नाही. भितो तो लेप लावणारा.

पट्टी उघडा.